गाडी निवडताना आधी उजेड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही म्हापशाचे, बहीण दिल्लीला, आणि आई-बाबांनी या खेपेला हट्ट धरलाय की विमान नको, आगगाडीनेच जायचं, रमतगमत, बघत बघत. मोपाच्या विमानतळावरून अडीच-पावणेतीन तासांत दिल्ली गाठता येत असताना दोन रात्री गाडीत काढायच्या, यात सुख कसलं, हे तुम्हाला उमगत नाही. आणि जायचंच तर कुठली गाडी, कुठला महिना, कुठला डबा, हेही विचारलंय.

मी कोकण रेल्वेवर गार्ड होतो. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या पिढीला गार्डच म्हटलेलं बरं वाटतं. गार्ड बसतो गाडीच्या शेपटीला. ड्रायव्हरला येणारा मुलूख दिसतो, आम्हाला गेलेला. बोगद्यातून गाडी बाहेर पडली की मागे त्या बोगद्याचं तोंड आकसत जाताना दिसतं, पुलावरून गेलो की अख्खा पूल रुळांसकट मागे पसरलेला दिसतो. नोकरीत हे सगळं कामाचा भाग म्हणून बघितलं: वळणावर गाडी वाकली की डब्यांखालून धूर किंवा ठिणगी निघत नाही ना, हे बघायचं, आणि स्टेशन आलं की हिरवा बावटा दाखवायचा. पण बघता बघता मुलखाची सवय लागते. निवृत्तीनंतर तोच रस्ता मी तिकीट काढून खिडकीतून बघतोय. तेव्हा जे सांगतो ते या दोन्ही बाजूंनी सांगतो.

लोक गाडी निवडतात ती वेग बघून, नाहीतर डबा बघून. वंदे भारत आहे का, तेजस आहे का, काचेच्या छताचा डबा आहे का. बघण्यासाठी प्रवास करायचा असेल तर हे सगळं दुय्यम. आधी वेळापत्रक उघडा आणि बघा की गाडी कुठल्या जागी किती वाजता असते. कोकणातली सगळ्यात देखणी जागा रात्री अडीच वाजता आली तर तिचा तुम्हाला काय उपयोग? कोकणकन्या ही गाडी फार लाडकी, मुंबई-गोवा करणारा प्रत्येक जण तिने गेलेला असतो, पण ती रात्रीची गाडी. तिने वर्षानुवर्षं ये-जा करूनही वाशिष्ठी नदी न पाहिलेली माणसं मला ठाऊक आहेत. तेव्हा पहिली कसोटी उजेडाची.

दुसरी कसोटी थोडी रेल्वेतली आहे, पण एकदा समजली की खिडकीबाहेरचं निम्मं गूढ उकलतं. रूळ कुणी, कधी आणि कसा आखला, यावर तुम्हाला काय दिसणार हे ठरतं. गोव्यात याची दोन उदाहरणं हाताशी आहेत, आणि दोन्ही मडगाव जंक्शनला एकमेकांना भेटतात.

एक म्हणजे आमची कोकण रेल्वे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि ई. श्रीधरन महामंडळाचे प्रमुख. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. हा रूळ आखला तोच मुळी ताशी १६० किलोमीटरच्या वेगासाठी. म्हणून चढ बेताचा, १५० मीटरला १ मीटर, आणि वळणं मोठाली, अलगद. आता सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे दर चार-पाच किलोमीटरला एक सोंड नाहीतर एक नदी आडवी येते, तिथे असा सपाट-सरळ रूळ न्यायचा म्हणजे डोंगराला वळसा घालायची सोयच नाही. डोंगर फोडा, दरीवर पूल टाका. परिणाम: नव्वदहून जास्त बोगदे, सगळ्यांची मिळून लांबी ८४ किलोमीटरच्या घरात, आणि लहानमोठे पूल दोन हजारांच्या आसपास. म्हणजे कोकण रेल्वेवर जे दिसतं ते तुकड्यातुकड्यांत दिसतं. अंधार, मग एकदम भातखाचरं आणि कौलारू घर, पुन्हा चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, उभी कापलेली भिंत, पुन्हा अंधार, मग नदी. डोळ्याला याची लय सापडायला अर्धा-पाऊण तास लागतो. नवखे प्रवासी सुरुवातीला चिडतात, फोटो काढायला मोबाईल वर करेपर्यंत बोगदा आलेला असतो. फोटोचा नाद सोडलात की बरं.

दुसरा रूळ त्याच्याआधी शंभर वर्षांचा. वास्कोहून सावर्डे-कुडचडे, कुळे, आणि पुढे ब्रागांझा घाट चढून कर्नाटकातलं कॅसल रॉक. पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात १८७८ मध्ये करार झाला आणि त्यातून ही मुरगाव बंदराला जोडणारी मीटरगेज लाइन १८८८ मध्ये कॅसल रॉकपर्यंत पोचली. त्या काळच्या इंजिनिअरांना लांबलांब बोगदे खणणं परवडणारं नव्हतं. घाटात बोगदे आहेत, पण तोकडे. बाकी रूळ डोंगराच्या अंगाला चिकटून, प्रत्येक खळग्यात आत शिरून, प्रत्येक सोंडेवर बाहेर येऊन वर चढतो. चढ ३७ ला १. कोकण रेल्वेच्या जवळजवळ चौपट. कुळ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. पुढची ओढतात, मागची ढकलतात. वेग इतका कमी की बाहेरच्या झाडाचं पान ओळखता यावं. इथे दृश्य तुकड्यांत येत नाही, तीच दरी तास-सव्वा तास तुमच्यासमोर वेगवेगळ्या बाजूंनी उघडत राहते. गोवा मुक्त होण्याआधी हीच सरहद्द होती, कुळ्याला पोर्तुगिजांची तपासणी आणि कॅसल रॉकला पलीकडची. १९५५ मध्ये नाकेबंदी झाली तेव्हा ही वाहतूकच बंद पडली होती. आमच्या घरातली जुनी माणसं कॅसल रॉकचं नाव काढायची ती कस्टमवाल्यांच्या गोष्टींसाठीच, घाटातला दूधसागर धबधबा त्यांच्या बोलण्यात क्वचित यायचा.

आता तुमची दिल्ली. गोवा एक्सप्रेस वास्कोहून दुपारी सुटते, मडगाव करून कुळ्याला पोचते आणि घाट दिवसाउजेडी चढते. उजेडाच्या कसोटीवर गोव्यातून बाहेर पडणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मी तिला वर ठेवीन. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असतो, गाडी तासभर रखडली तर घाटाच्या वरच्या अंगाला अंधार पडतो, एवढं धरून चला. दुसरी आहे अमरावती एक्सप्रेस, वास्कोहून कोलकात्याकडे जाणारी. ती सकाळी घाट चढते, पण रोज नसते. (ही अमरावती आंध्रातली. विदर्भातल्या अमरावतीला जायचं म्हणून तिच्यात बसू नका. मडगावच्या फलाटावर असे गोंधळलेले प्रवासी मी पाहिलेत.)

दूधसागर कुठल्या बाजूला दिसतो, हा प्रश्न मला हमखास विचारतात. दोन्ही बाजूंना. रूळ दरीच्या आत वळून धबधब्याच्या अगदी पोटातून, पुलावरून जातो. पुलावर असताना पाणी डोंगराच्या बाजूने, खिडकीच्या इतकं जवळ कोसळत असतं की पावसाळ्यात तुषार आत येतात. पण धबधबा पूर्ण, वरपासून खालपर्यंत, मधे पुलाची कमान आणि त्यावरून जाणारी गाडी अशा रूपात बघायचा तर लांबून, दरीच्या बाजूने. त्याची उंची ३०० मीटरच्या वर आहे, पुलावरून मान वर करून ती कळत नाही. म्हणून समोरच्या बाकावरच्या कुटुंबाशी कुळ्याच्या आधीच ओळख करून घ्यावी. डब्यातली अर्धी माणसं एकदा या बाजूला येतात, मग सगळी मिळून त्या बाजूला. अनोळखी माणूस तुमच्या आईला "काकी, इथे बसा, इथून दिसतंय" म्हणून जागा करून देतो. विमानात शेजारच्याच्या कोपराशी तीन तास भांडण चाललेलं असतं, इथे तसं कुणी वागत नाही. कारण सगळ्यांनाच ठाऊक असतं की पुढच्या वळणावर आपल्याला त्यांच्या खिडकीची गरज पडणार आहे.

एक गोष्ट मात्र गार्ड म्हणून बजावून सांगतो. दूधसागरला उतरायचं नाही. दरवाजाच्या पायरीवर बसायचं नाही. गाडी तिथे थांबते तेव्हा लोकांना वाटतं आपल्यासाठीच थांबली. करंझोळ, सोनावळी, दूधसागर ही घाटातली छोटी स्टेशनं मुख्यतः गाड्यांच्या कामासाठी आहेत: उतरणीवर गाडी थांबवून ब्रेक नीट धरतात ना ते बघायचं, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची. रुळाच्या कडेला उभं राहायला जागा नसते, खडी ओली, शेवाळ धरलेलं. रेल्वेने तिथे उतरायला बंदी घातलीय ती उगाच नव्हे. धबधब्याच्या पायथ्याशी जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर कुळ्याहून जीप सुटतात, तो वेगळा दिवस काढा.

या घाटात दुसरा रूळ टाकायचा प्रस्ताव होता. मोले आणि भगवान महावीर अभयारण्यातून तो जाणार, म्हणून गोव्यात बरंच रान उठलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये कॅसल रॉक ते कुळे या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी न्यायालयाने रद्द केली. रेल्वेचा माणूस म्हणून मला दुहेरी रुळाचे फायदे कळतात, गाड्या अडकून पडण्याचा मनस्ताप आम्हीच काढलाय. तरीही या एका ठिकाणी गाडी तासभर उशिरा आली तरी चालेल, असं माझं मत.

घाट संपला की गोवा एक्सप्रेसची खरी गंमत सुरू होते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लोंढा, बेळगाव, मिरज, रात्री पुणे. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडता तेव्हा बाहेरची माती बदललेली असते. गोव्यातली तांबडी माती आणि चिरा गेला, आता काळं रान. मनमाड, मग भुसावळ, तापी ओलांडली की रावेर-बऱ्हाणपुरच्या बाजूला केळीचे मळे रुळाला लागून. खंडवा, इटारसी, सातपुड्याची सागवानी रानं. फलाटावरच्या आरोळ्या बदलतात, चहाचा गोडवा बदलतो, बायकांच्या पदराचा खांदा बदलतो. तिसऱ्या पहाटे मथुरेच्या आसपास सपाट, पिवळसर, धुक्यातला मुलूख, ज्यात डोंगर नावाला नाही. तुमचे बाबा शेतीतले असतील किंवा नुसती परसबाग राखून असतील, तरी हा दुसरा दिवस त्यांना खिडकीला बांधून ठेवील. गोवा आणि दिल्ली यांच्यामध्ये किती काय आहे, हे विमानातून नुसतं ढगांवरून मोजता येत नाही.

तुम्हाला अजून खात्री नसेल, की आई-बाबांना इतका वेळ झेपेल का, तर आधी एक छोटी फेरी करून बघा. जाताना मांडवी एक्सप्रेस, येताना जनशताब्दी. या क्रमानेच. मांडवी सकाळी मडगावहून सुटते आणि रात्री मुंबईत पोचते, म्हणजे जवळजवळ अख्खं कोकण उजेडात. येताना जनशताब्दी मुंबईहून भल्या पहाटे निघते आणि दुपारी मडगावला येते, तीही दिवसाची. तिला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा असतो. हाच डबा घेऊन लोक मडगावहून मुंबईला जातात तेव्हा गाडी दुपारनंतर सुटते, थंडीत रत्नागिरीच्या पुढे काळोख, आणि दुपटीहून जास्त पैसे मोजून ते काचेत स्वतःचं तोंड बघत बसतात.

विस्टाडोमबद्दल माझं मत थोडं आंबट आहे. खुर्च्या फिरतात, काचा मोठ्या, आईबाबांच्या वयाला आरामशीर, हे खरं. पण तो डबा बंद असतो. कोकण हा निम्मा नाकाने बघायचा मुलूख. मे महिन्यात काजूच्या बोंडांचा आंबूस वास, जूनमध्ये पहिल्या पावसानंतर चिऱ्याच्या कापांतून येणारा गारवा, खाडीजवळ आलो की चिखलाचा आणि मासळीचा वास, संध्याकाळी कुठे पाचोळा पेटवलेला. स्लीपरच्या उघड्या खिडकीतून हे सगळं आत येतं. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, त्यामुळे पूर्वीसारखा डिझेलचा धूरही नाही. बोगद्यात खिडकी खाली ओढायची घाई आता उरलेली नाही. एकदा विस्टाडोम आणि एकदा स्लीपर, दोन्ही करून बघा आणि मग आईला विचारा.

आणखी एक, खास म्हापसेकरांसाठी. तुम्हाला थिवी स्टेशन जवळ, म्हणून तुम्ही मांडवी थिवीलाच पकडणार. तसं करू नका. सकाळी लवकर उठून मडगावला जा. मडगाव ते थिवी या पट्ट्यात जे आहे ते पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये नाही. वेर्णा सोडलं की झुआरी. उत्तरेकडे जाताना डाव्या हाताला बसलात तर नदीचं मुख, बार्जेस आणि रस्त्याचा नवा केबलचा पूल एकदम दिसतो. मग करमळी, जिथे स्टेशनाला लागूनच तळं आहे. थंडीत ते पाखरांनी भरलेलं असतं आणि गाडी थांबली की त्यांचा कलकलाट डब्यात ऐकू येतो. मग मांडवी नदी आणि दिवाडी बेटाच्या बाजूची खाजणं. खाजण म्हणजे काय हे बाबांना सांगावं लागणार नाही, पण गाडीच्या उंचीवरून ते कसं चालतं हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं बांधावर उभं राहूनही दिसत नाही: नदीचा बांध, त्यात मानस, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी दारं, आत भात नाहीतर कोळंबी. भरती-ओहोटीप्रमाणे रोज वेगळं चित्र. मी गार्डच्या डब्यातून हे बघत असे तेव्हा पूल संपेपर्यंत पाणी चढतंय की उतरतंय हे मानसाजवळच्या फेसावरून कळायचं.

गोव्यातला हा तुकडा सहज झालेला नाही. रूळ किनाऱ्याजवळून न्यायचा की आतून, यावरून नव्वदीत मोठं आंदोलन झालं, १९९३ मध्ये चौकशी आयोग बसला, काम थांबलं. जुने गोवे आणि पेडणे इथल्या बोगद्यांत माती इतकी मऊ निघाली की खणलेलं पुन्हा भरून यायचं. पेडण्याच्या बोगद्यामुळे तर पूर्ण मार्ग सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडलं. अजूनही तो अधूनमधून त्रास देतो. २०२४ च्या जुलैमध्ये बोगद्यात पाणी शिरून गाड्या अडकल्या होत्या. पेडणे सोडून गाडी मडुऱ्याच्या दिशेने त्या अंधारात शिरते तेव्हा बाबांना हे जरूर सांगा. नाहीतर तो नुसता काळोख.

पुढे फारसं सांगत नाही, स्वतः बघा. रत्नागिरीच्या अलीकडे, निवसर सोडल्यावर पानवलचा पूल येतो, ६४ मीटर उंच. पुलावर असताना तो दिसत नाही, फक्त खाली झाडांचे शेंडे अचानक बारीक होतात. रत्नागिरीनंतर करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटर, बरीच वर्षं देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता. तो संपल्यावर उक्षी, तिथे पावसात स्टेशनजवळच रानपाटचा धबधबा. मग शास्त्री आणि वाशिष्ठी या नद्या. आणि समुद्राची आशा धरू नका. कोकण रेल्वे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाटा येतात. रूळ बराच आतून जातो, या रस्त्याचं वैभव नद्या आणि खाड्या आहेत.

गाडी मधेच कुठल्यातरी लहानशा स्टेशनात उभी राहते, याबद्दल सगळे तक्रार करतात. मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी आहे, समोरून गाडी येणार असेल तर एकीला बाजूला उभं राहावंच लागतं. याला क्रॉसिंग म्हणतात, आणि माझ्या मते प्रवासातली सगळ्यात चांगली वीस मिनिटं तीच. मडुऱ्याला पावसात अशी गाडी थांबली की काय होतं बघा. पंखे तेवढे ऐकू येतात. मग बेडूक. पॉइंट्समन छत्री काखेत धरून, बावटा गुंडाळून फलाटाच्या टोकाला चालत जातो. गस्तीवाला येतो, गुडघ्यापर्यंत भिजलेला, अंगावर रेनकोट, हातात मोठी बॅटरी आणि खांद्याला पिशवी. पावसाळ्यात ही माणसं रात्रंदिवस रूळ तुडवत असतात, कुठे दरड सरकलीय का, दगड आलाय का, बघत. डब्यातला कुणी त्याला पुढे पाऊस कसा आहे विचारतो, आणि तो मालवणीत असं काही उत्तर देतो की आख्खा डबा हसतो. आणि मग समोरून येते ती गाडी पॅसेंजर नसतेच, रो-रो असते: सपाट मालडब्यांवर ओळीने चढवलेले ट्रक, कोलाडहून वेर्ण्याकडे निघालेले. १९९९ पासून ही सेवा चालू आहे. ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये बसलेले, कुणी पाय वर घेऊन झोपलेला, कुणी आरशाला बनियन वाळत टाकलेली. ट्रकच्या ड्रायव्हरला खिडकीतून कोकण बघताना तुम्ही दुसरीकडे कुठे बघणार?

महिन्याचं विचारलंत. लोक म्हणतात कोकण बघावं तर भर पावसात. पाहिलंय मी, जूनच्या शेवटाला कित्येक दिवस ढग इतके खाली असतात की काचेबाहेर नुसता कापूस. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, वेग कमी केलेला असतो. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. मुसळधार पाऊस असेल आणि समोरचं दिसत नसेल तर ड्रायव्हरला ताशी ४० किलोमीटरवर यावं लागतं. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती इथल्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवली आहेत, वारा फार झाला तर गाडी पुलावर सोडत नाहीत. हे सगळं तुमच्या भल्यासाठी आहे, पण उजेडाचं गणित बदलतं हे लक्षात ठेवा. मला विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. दूधसागर अजून भरलेला, आभाळ मोकळं, भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलेलं. चतुर्थीच्या आठवड्यात मात्र अजिबात नको. सगळा मुंबईचा चाकरमानी तेव्हा याच रुळावर असतो. फेब्रुवारीही वाईट नाही, गोव्याच्या खाजणांच्या बाजूला वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची दुसरी भातशेती, हिरवी असते, बाकी कोकण तेव्हा गवताळ-पिवळं.

खाण्याचं. मांडवीतलं खाणं प्रसिद्ध आहे, आणि रेल्वेच्या बाबतीत प्रसिद्धी आणि चव एकत्र क्वचित नांदतात, इथे नांदतात. बटाटेवडे गरम येतात. तरी घरून काहीतरी न्याच. गोवा एक्सप्रेसला तर नक्की, दोन रात्रींसाठी पँट्रीवर विसंबून राहू नका. आमच्याकडे पोळ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि लोणचं पहिल्या रात्रीला, पोदेराचे उंडे, म्हणजे गोव्याच्या बेकरीतले गोल पाव, दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतात. मासे नेऊ नका. तुम्हाला आवडतात, सगळ्या डब्याला आवडतातच असं नाही.

तिकिटाचं शेवटी, कारण तिथेच बहुतेकांचं बिनसतं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस डोक्यातून काढून टाका. स्लीपरमध्ये खिडकीसाठी मला साइड लोअर आवडते, ७, १५, २३ अशी आठच्या अंतराने येते. दिवसा दोघांनी समोरासमोर बसावं, मधे डबा उघडावा. रात्री झोपायला ती जरा आखूड, बाबा उंच असतील तर पाय दुमडावे लागतील. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० मध्ये बंद झाली ती परत आलेली नाही. पण खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे, पुरुषांना साठीनंतर आणि बायकांना पंचेचाळीसनंतर. त्यात एक अट असते: एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी हवेत. तुम्ही तिसरे म्हणून त्याच तिकिटावर घुसलात की कोटा गेला आणि आईला मधल्या बर्थवर चढावं लागलं. तेव्हा सोबत जाणार असाल तर स्वतःचं तिकीट वेगळं काढा, वरची बर्थ घ्या, आणि दिवसा खाली आई-बाबांजवळ येऊन बसा.